दोनदा पालटलेले हृदय

उपवासकाळाच्या प्रारंभी, राखेच्या बुधवारी, आपण वेदीसमोर रांगेत उभे राहतो आणि कपाळी राख घेऊन घरी परततो. पुढील चाळीस दिवस ‘हृदयपरिवर्तन’ हा शब्द प्रवचनांतून, रिट्रीटमधून, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीतून वारंवार कानी पडतो. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत यासाठी ‘मेटानोइया’ हा शब्द आलेला आहे. विचारांची व अंतःकरणाची दिशाच पालटणे, असा त्याचा आशय. परंतु दिशा खरोखर पालटली, हे ओळखायचे कशावरून? प्रार्थनेत डोळ्यांना आलेल्या पाण्यावरून, की पापनिवेदनानंतर मनाला लाभलेल्या हलकेपणावरून?

या प्रश्नाचा विचार करताना सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश धर्मगुरूचे चरित्र डोळ्यांसमोर येते. बार्तोलोमे दे लास कासास हे त्यांचे नाव. इतिहासाच्या पुस्तकांत ते अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे कैवारी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या कार्याचा हा गौरव यथार्थ आहे. मात्र कैवारी होण्यापूर्वी ते त्याच रहिवाशांच्या घामावर जगणारे जमीनदार होते, आणि त्या वेळीही ते धर्मगुरूच होते, ही गोष्ट आपल्याला अधिक अंतर्मुख करणारी आहे. त्यांचे हृदय अश्रद्धेकडून श्रद्धेकडे वळले नाही. श्रद्धा त्यांच्याकडे होतीच. वेदीपाशी रोज उभ्या राहणाऱ्या एका माणसाला वेदीवर आपण काय ठेवत आहोत हे दिसले, एवढेच घडले; आणि तेवढ्यासाठी बारा वर्षे लागली.

सेव्हिलचा व्यापारीपुत्र

लास कासास यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल नगरात झाला. जुन्या ग्रंथांत १४७४ हे साल आढळते, पण ते संशोधकांनी मागे टाकले आहे. वडील पेद्रो हे व्यापारी. १४९३ मध्ये कोलंबस पहिल्या सफरीहून परतला, तेव्हा सोबत आणलेली बेटांवरील माणसे व रंगीबेरंगी पोपट घेऊन तो सेव्हिलमधून गेला. रस्त्याच्या कडेला गर्दीत उभे राहून ते दृश्य पाहणाऱ्यांत आठ वर्षांचा बार्तोलोमे होता. त्याच वर्षी वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत सामील झाले आणि परत येताना मुलासाठी एक तरुण गुलाम घेऊन आले. पुढे राणी इझाबेलाच्या आज्ञेने १५०० साली अशा गुलामांना त्यांच्या बेटावर परत पाठवण्यात आले. बार्तोलोमेच्या बालपणातच, अशा प्रकारे, एक माणूस वस्तू म्हणून भेटीदाखल आला आणि गेला. त्या काळच्या सज्जन कुटुंबांना त्यात काही वावगे वाटत नसे.

१५०२ मध्ये लास कासास स्वतः हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती व डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या भूमीवर उतरले. तेथे त्यांनी जमीन केली, पैसा मिळवला. तेथील व्यवस्थेला ‘एन्कोमिएन्दा’ असे नाव होते. राजाच्या वतीने काही मूळ रहिवासी एखाद्या वसाहतवाल्याच्या हवाली केले जात. त्याने त्यांचा सांभाळ करावा, त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण द्यावी, आणि त्यांनी त्याच्या शेतात व सोन्याच्या खाणीत राबावे, असा हा करार. कागदावर हे संगोपन होते. व्यवहारात ही वेठबिगारी होती. खाणीतील श्रम, उपासमार आणि युरोपातून आलेल्या रोगांच्या साथी यांनी तायनो लोकांची गावेच्या गावे काही दशकांत ओस पडली.

पुढे लास कासास यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली आणि १५१० साली कॉन्सेप्सिओन दे ला वेगा येथे आपली पहिली गायनयुक्त मिस्सा अर्पण केली. दीक्षा मिळाली, तरी जमीनही राहिली आणि राबणारी माणसेही राहिली.

आगमनकाळातील एक प्रवचन

त्याच १५१० साली डॉमिनिकन संघाचे धर्मबंधू हिस्पानिओलात आले. पेद्रो दे कोर्दोबा हे त्यांचे प्रमुख. गवती झोपडीत राहणाऱ्या या मूठभर धर्मबंधूंनी वर्षभर डोळे उघडे ठेवून सारे पाहिले. मग सर्वांनी मिळून एक प्रवचन लिहिले, त्याखाली प्रत्येकाने सही केली, आणि ते देण्याची जबाबदारी अंतोनियो दे मोंतेसिनोस यांच्यावर सोपवली.

२१ डिसेंबर १५११. आगमनकाळाचा चौथा रविवार. सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये कोलंबसाचा मुलगा दिएगो आणि वसाहतीतील सर्व प्रतिष्ठित मंडळी बसली होती. अरण्यात घोषणा करणाऱ्या योहानाच्या वाणीचा आधार घेऊन मोंतेसिनोस यांनी श्रोत्यांना स्पष्टच सांगितले, की तुम्ही महापापात जगत आहात. कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांना असे राबवता? ती माणसे नाहीत काय? त्यांना आत्मा नाही काय? अशा अर्थाचे त्यांचे प्रश्न होते.

चर्चमध्ये खळबळ उडाली. वसाहतवाले मठाच्या दारी गेले आणि पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या असे बजावून आले. पुढच्या रविवारी चर्च तुडुंब भरले. मोंतेसिनोस यांनी शब्द मागे घेतले नाहीत. उलट वाटमाऱ्या करणाऱ्याला जशी पापमुक्ती मिळत नाही तशी तुम्हालाही आमच्याकडून मिळणार नाही, असे त्यांनी सांगितले. तक्रार राजापर्यंत गेली. १५१२ च्या डिसेंबरात बुर्गोस येथे काही कायदे झाले, पण मूळ व्यवस्था कायम राहिली.

त्या दिवसांत लास कासास यांनाही या कठोरतेचा अनुभव आला. ते पापनिवेदनासाठी एका डॉमिनिकन धर्मगुरूकडे गेले असता, तुम्ही माणसे बाळगता, म्हणून मी तुम्हाला पापमुक्ती देऊ शकत नाही, असे त्याने सांगितले. लास कासास यांनी वाद घातला. धर्मगुरूचे म्हणणे काहीसे पटले, तरी माणसे सोडण्याचा विचार त्यांनी केला नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवला आहे. आपल्या चुकीचा साक्षीदार आपणच व्हावे, ही त्यांच्या लेखनाची रीत अखेरपर्यंत टिकली.

रक्त पाहिले, तरीही

१५१३ मध्ये स्पॅनिश सैन्याने क्यूबा बेट ताब्यात घेण्याची मोहीम चालवली. लास कासास त्यात सेनेचे धर्मगुरू होते. काओनाओ नावाच्या गावी लोकांनी सैनिकांसाठी मासे आणि कसाव्याच्या भाकरी आणून ठेवल्या आणि घोड्यांकडे नवलाने पाहत ते चौकात बसून राहिले. सैनिकांनी वाटेतच, कोरड्या ओढ्यातील दगडांवर, तलवारींना धार लावून घेतली होती. अकस्मात एकाने तलवार उपसली आणि मग सर्वांनीच उपसल्या. बसलेली माणसे, बायका, मुले कापली गेली. लास कासास यांनी थांबवण्याचा प्रयत्न केला. मरणाऱ्यांजवळ ते गेले. पण हत्याकांड थांबले नाही.

यानंतर तरी त्यांचे हृदय पालटले असेल, असे आपल्याला वाटेल. तसे घडले नाही. मोहीम संपल्यावर राज्यपाल दिएगो वेलास्केस याने त्यांना व त्यांचे मित्र पेद्रो दे रेंतेरिया यांना अरिमाओ नदीकाठी भरघोस जमीन आणि राबण्यासाठी माणसे दिली, आणि त्यांनी ती घेतली. आपल्या माणसांना ते चांगले वागवत. पण त्यांना खाणीत पाठवून व शेतात राबवून ते उत्पन्नही मिळवत.

चरित्राचा हा भाग वाचताना मी नेहमी थबकतो. दुसऱ्याचे दुःख पाहून हळहळणे आणि हृदय पालटणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते! काओनाओची आठवण लास कासास यांना जन्मभर छळत राहिली, यात शंका नाही. पण क्रौर्य दुसऱ्यांनी केले होते. स्वतःच्या शेतावर क्रौर्य नव्हते, म्हणून तेथे पापही नव्हते, असे त्यांच्या मनाने धरून चालले होते.

पेंटेकॉस्टची तयारी

१५१४ साल. पेंटेकॉस्टचा सण जवळ आला होता. सांक्ती स्पिरितुस या नव्या वसाहतीत प्रवचन देण्यासाठी लास कासास तयारी करत होते. बायबल चाळता चाळता बेनसिराच्या पुस्तकातील चौतिसाव्या अध्यायापाशी ते थांबले. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसते. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये ते आहे आणि वाचकांनी तो अध्याय अवश्य काढून पाहावा. अन्यायाने मिळवलेल्या धनातून केलेले अर्पण परमेश्वराला मान्य होत नाही. गोरगरिबांच्या मालमत्तेतून यज्ञ करणे म्हणजे बापाच्या देखत मुलाचा बळी देणे. गरिबाच्या तोंडची भाकर काढणारा आणि मजुराची मजुरी बुडवणारा रक्त सांडतो, असा त्या वचनांचा आशय आहे.

ही वचने त्यांनी पूर्वी वाचली नसतील असे नाही. परंतु या वेळी ती दुसऱ्यांसाठी निवडता निवडता त्यांच्यावरच उलटली. आपण वेदीवर जे अर्पण करतो ते कोणाच्या घामातून येते, हा प्रश्न त्यांना टाळता येईना. मोंतेसिनोस यांचे प्रवचन, पापमुक्ती नाकारणारा तो धर्मगुरू, काओनाओचा चौक, सारे एकत्र आले. काही दिवस विचार करून ते अशा निर्णयाला पोहोचले, की या लोकांच्या बाबतीत येथे चाललेले सर्व काही अन्यायाचे आहे, आणि त्यात आपलाही भाग आहे.

यापुढील अडचण फार मानवी होती. आपण माणसे सोडली, तर राज्यपाल ती दुसऱ्या कोणाला देईल आणि तो त्यांना अधिक छळून मारील, हे त्यांना ठाऊक होते. मग आपल्याजवळच ठेवून त्यांना ममतेने वागवले तर? हा युक्तिवाद मोहक होता. पण स्वतः माणसे ठेवून दुसऱ्यांना सोडायला सांगणाऱ्याचे कोण ऐकणार? लास कासास यांनी निर्णय घेतला. ते वेलास्केसकडे गेले आणि आपल्या वाट्याची माणसे परत केली. राज्यपाल थक्क झाला. लास कासास हे मिळकतीच्या बाबतीत दक्ष म्हणून प्रसिद्ध होते. त्याने मित्रत्वाने सल्ला दिला, की पंधरा दिवस विचार करा. लास कासास यांनी उत्तर दिले, की ते पंधरा दिवस सरले असे समजा. आणि उद्या मीच रडत येऊन माणसे परत मागितली, तरी मला देऊ नका.

भागीदार रेंतेरिया त्या वेळी जमैकात होते, म्हणून ही गोष्ट त्यांच्या परतण्यापर्यंत गुप्त ठेवावी अशी विनंती लास कासास यांनी केली. परंतु १५ ऑगस्ट १५१४ रोजी, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या प्रवचनात, त्यांनी स्वतःच ती जाहीर केली. श्रोत्यांना वाटले, आपण काही स्वप्नातले ऐकतो आहोत. इकडे रेंतेरिया परतले तेव्हा उलगडले, की जमैकात प्रार्थना करताना त्यांच्याही मनात या लोकांच्या मुलांसाठी काही करावे असा विचार आला होता. त्यांनी आणलेला माल विकून जे पैसे आले, त्यांतून लास कासास यांच्या स्पेनच्या प्रवासाची सोय झाली.

पन्नास वर्षांचा संघर्ष

पुढची हकीकत इतिहासग्रंथांत सविस्तर आहे. १५१५ मध्ये ते मोंतेसिनोस यांच्यासमवेत स्पेनला गेले आणि राजाला भेटले. १५१६ मध्ये ‘इंडियन लोकांचे संरक्षक’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर शांततेने वसाहत उभारण्याचा त्यांचा प्रयोग फसला. त्या अपयशाने खचून १५२२ मध्ये ते डॉमिनिकन संघातच दाखल झाले. एके काळी ज्या संघाच्या धर्मगुरूने त्यांना पापमुक्ती नाकारली होती, त्याच संघाचा झगा त्यांनी अंगावर घेतला.

२ जून १५३७ रोजी पोप तिसरे पॉल यांनी ‘सुब्लिमिस देउस’ हे आज्ञापत्र काढले. हे लोक खरीखुरी माणसे आहेत, श्रद्धा स्वीकारण्यास समर्थ आहेत, आणि ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे त्यात सांगितले होते. १५४२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याने नवे कायदे करून मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी घातली. लास कासास यांच्या प्रयत्नांचा त्यात मोठा वाटा होता. १५४४ मध्ये ते चियापासचे बिशप म्हणून अभिषिक्त झाले. पुढच्या वर्षी, पास्काच्या सणापूर्वी, गुलाम मुक्त न करणाऱ्यांना पापमुक्ती देऊ नये असा आदेश त्यांनी काढला, तेव्हा गावात दंगा उसळला. त्याच वर्षी सम्राटानेही माघार घेऊन नव्या कायद्यांतील महत्त्वाचे कलम रद्द केले. १५४७ मध्ये बिशपांना स्पेनला परतावे लागले. १५५० आणि १५५१ मध्ये व्हायादोलिद येथे हुआन हिनेस दे सेपुल्वेदा या पंडिताशी त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, या मताला त्यांनी तेथे विरोध केला.

दुसरे परिवर्तन

येथेच हा लेख संपवता आला असता आणि एक निष्कलंक वीरकथा आपल्या हाती आली असती. परंतु लास कासास यांच्या आयुष्यात एक काळी रेघ आहे, आणि ती लपवणे म्हणजे त्यांनी शिकवलेला धडाच पुसून टाकणे होईल.

मूळ रहिवाशांची खाणीतून सुटका व्हावी म्हणून १५१६ साली व नंतरच्या काही वर्षांत त्यांनी राजाला ज्या योजना सादर केल्या, त्यांत वसाहतींमध्ये गुलाम आणू द्यावेत अशी सूचना होती, आणि त्यांत आफ्रिकी गुलामांचाही समावेश होता. गुलामांचा हा व्यापार त्यांनी सुरू केला, असा आरोप पुढे झाला, तो खरा नाही. त्यापूर्वीच काही वर्षे आफ्रिकी गुलाम हिस्पानिओलात येत होते. पण सूचना त्यांनी केली होती, हे खरे आहे. एका पीडिताचे अश्रू पुसताना दुसऱ्या पीडिताकडे त्यांची नजर गेली नाही. त्या काळच्या इतरांप्रमाणे, आफ्रिकेतील माणसे न्याय्य युद्धात पकडलेली असावीत असे त्यांनी गृहीत धरले होते.

ही चूक त्यांना उमगली ती बऱ्याच उशिरा, आपला ‘इंडीजचा इतिहास’ हा विशाल ग्रंथ लिहीत असताना. त्यासाठी ते पोर्तुगीज इतिहासकारांचे ग्रंथ अभ्यासत होते. झुआव दे बारोस यांच्या आशियाविषयक इतिहासाचा पहिला खंड १५५२ मध्ये प्रसिद्ध झाला. वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागल्याची हकीकत याच खंडात आहे. आपल्या किनारपट्टीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हा ग्रंथ परिचित आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी माणसे कशी पकडली, याचे वर्णनही अशा ग्रंथांत होते, आणि ते अभिमानाने केलेले होते. सत्तरीच्या घरातील लास कासास यांनी ते वाचले आणि त्यांचे डोळे पुन्हा एकदा उघडले. तेथे न्याय्य युद्ध नव्हतेच. होती ती निव्वळ धरपकड.

मग त्यांनी आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले, की आफ्रिकी लोकांची गुलामगिरी ही इंडियन लोकांच्या गुलामगिरीइतकीच अन्याय्य आहे, ती सूचना करताना आपण अज्ञानात होतो, आणि आपले हे अज्ञान व सद्हेतू देवाच्या न्यायासनासमोर आपल्याला निर्दोष ठरवतील की नाही, याची आपल्याला खात्री नाही. ज्याला सारे जग न्यायाचा कैवारी म्हणत होते, त्याने स्वतःविरुद्ध दिलेली ही जबानी आहे. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा हा ग्रंथ १८७५ मध्ये पहिल्यांदा छापला गेला, आणि तेव्हा ही कबुली जगापुढे आली.

पहिल्या परिवर्तनात त्यांनी जमीन आणि माणसे सोडली. दुसऱ्या परिवर्तनात त्यांनी त्याहून अवघड असे काही सोडले: आपण तर बदललो आहोत, ही खात्री. माझ्या मते, हे दुसरे परिवर्तन अधिक मोठे आहे. एकदा हृदय पालटले की काम संपले, असे मानणाऱ्या आपणा सर्वांना ते सावध करते.

आपल्या दारापाशी

ख्रिस्तसभेनेही या वाटेने चालण्यास दीर्घ काळ घेतला. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेनेगलच्या गोरे बेटावर, जेथून गुलामांची जहाजे सुटत तेथे उभे राहून, ख्रिस्ती माणसांनी केलेल्या या पापाबद्दल क्षमायाचना केली. १२ मार्च २००० रोजी संत पेत्राच्या महामंदिरात त्यांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रपुत्रींच्या गतकाळातील पापांसाठी क्षमेची प्रार्थना केली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने, नवे प्रदेश शोधणाऱ्यांचा त्या प्रदेशांवर हक्क असतो हा वसाहतवादी सिद्धान्त औपचारिकपणे नाकारला.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. ज्या पोर्तुगीजांच्या हाती १५३४ मध्ये वसई आली, त्यांच्या गोव्यापासून उत्तर कोकणापर्यंतच्या घरांतून आफ्रिकेहून आणलेले गुलाम राबत होते. त्या घरांतील मंडळीही रविवारी मिस्सेला येत. काळ बदलला, गुलामगिरी गेली. पण आपल्या वाडीत पाणी लावणारा, घरी धुणीभांडी करणारी, आपल्या जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या पायाशी विटा वाहणारे आदिवासी कुटुंब, यांची मजुरी, त्यांचे औषधपाणी, त्यांच्या मुलांची शाळा यांचा विचार आपल्या आत्मपरीक्षणात कितीदा येतो? आम्ही त्यांना चांगले वागवतो, असे आपण म्हणतो. लास कासास हेही आपल्या माणसांना चांगलेच वागवत होते.

बेनसिराचा तो अध्याय आपल्या घरातील बायबलमध्ये आहे. या उपवासकाळात पापनिवेदनाला जाण्यापूर्वी तो एकदा वाचावा. दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी. आणि वाचताना एखादे नाव, एखादा चेहरा, एखादी राहून गेलेली मजुरी आठवली, तर आपले मनही त्या राज्यपालासारखेच मित्रत्वाने सुचवील, की थोडे दिवस विचार करा. त्या वेळी लास कासास यांचे उत्तर स्मरावे, आणि ते पंधरा दिवस सरले असे समजावे.